लेथची झीज आणि सिलॅबसची पानं : प्रकल्प नोंदी

६ मे २०२४

प्रकल्पाची हद्द ठरवली. सोलापुरात यंत्र अभियांत्रिकी शिकवली कशी गेली, याची नोंद करायची आहे. पुरावे दोन तऱ्हेचे. कागदात सिलॅबसच्या पुस्तिका, विद्यार्थ्यांची जर्नलं आणि स्टोअरचं डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही). लोखंडात मागच्या शेडमधला सहा फुटी लेथ (तुकडा फिरवून कापायचं यंत्र), बदली गिअरची पेटी (हव्या त्या आट्यांसाठी बदलून लावायचे गिअर), फिटिंगची टेबलं. हे सगळं निर्लेखनाच्या यादीत आहे, म्हणजे भंगारात जायच्या आत काम उरकायला हवं.

मोठ्या तारखा पक्क्या आहेत, त्या एकदा लिहून ठेवू. पुण्याचा इंजिनिअरिंग क्लास १८५४ चा, मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. सोलापूरची जुनी गिरणी १८७४ ची. म्हणजे गावात वाफेची इंजिनं आणि लाइनशाफ्ट (पट्ट्यांनी सगळी यंत्रं फिरवणारा लांब दांडा) आधी आले, ते शिकवणारी संस्था ऐंशी वर्षांनी आली. शासकीय तंत्रनिकेतन १९५६ चं. पदवीचं शिक्षण त्यानंतर, वालचंद इन्स्टिट्यूट १९८३ ची. २००४ पर्यंत पदवी शिवाजी विद्यापीठाची, पुढे सोलापूर विद्यापीठाची. त्यामुळे जुन्या पुस्तिकांवर कोल्हापूरचा पत्ता असतो. कपाट लावताना दोन विद्यापीठांचे गठ्ठे मिसळू द्यायचे नाहीत.

९ मे

कागदांची छाननी. जर्नलांना कसर लागलेली, स्टेपलच्या पिना गंजून पानांना चिकटलेल्या. पिन ओढायची नाही. पातळ सुरी पानाला समांतर सरकवून आधी पाय सरळ करायचे, मग मागून ढकलायची. ओढली की गंजलेल्या जागी पान फाटतं आणि नेमका तिथे जॉबचा (विद्यार्थ्याने करायच्या तुकड्याचा) नंबर असतो.

ड्रॉइंग दोन प्रकारची निघाली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा ती खरी ब्लूप्रिंट. पांढऱ्यावर निळसर-जांभळ्या रेषा ती अमोनिया प्रिंट. दोन्ही उजेडात फिकी पडतात, पण एकत्र ठेवायची नाहीत. ब्लूप्रिंटला अल्कली सोसत नाही. अभिलेखांसाठी मिळणारा चुना घातलेला ‘ॲसिड-फ्री’ कागद तिच्याखाली घातला तर निळा रंग उडतो. तिला साधा, चुना नसलेला कागद द्यायचा. स्कॅन ३०० डीपीआयवर, फ्लॅश बंद.

जर्नलच्या समासात पेन्सिलीने मराठी, काही ठिकाणी तेलुगू आणि कन्नड. आत सगळं इंग्रजी. समासही स्कॅन करायचा, कापायचा नाही. ‘कानस उलटी ओढू नये’ असली वाक्यं समासातच सापडतात. फेअर जर्नल एकमेकांचं उतरवून काढलेलं असतं, समास तेवढा ज्याचा त्याचा.

१४ मे

लेथची पहिली पाहणी. नावाची पट्टी गेलेली, रिव्हेटची चार भोकं तेवढी शिल्लक. वय ठरवायला बोल्ट कामाला आले. चार सुती (अर्धा इंची) बोल्टाला पिच गेज (आटे जुळवून पाहायची पट्टी) लावला तर इंचाला १२ आटे. अमेरिकन असता तर १३ आले असते. तीन सुती बोल्टाला १६, पण तिथे दोन्ही पद्धतींत १६ च, म्हणून त्यावरून काही ठरत नाही. चार सुतीच बघावा. म्हणजे यंत्र व्हिटवर्थ (आट्यांच्या जुन्या ब्रिटिश) पद्धतीचं, ब्रिटिश किंवा त्या नमुन्यावर इथे बनवलेलं. क्रॉस-स्लाइडच्या डायलवर १०० खुणा, स्क्रूला इंचाला १० आटे, म्हणजे एक खूण एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग. लीडस्क्रूला (आटे काढताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आटे. फीडरॉड वेगळा आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल, कारण साध्या टर्निंगची फीड (टूलची आपोआप पुढची चाल) लीडस्क्रूवर येत नाही.

सफाईला रॉकेल आणि ब्रश. थिनर नको, जुना रंग निघून त्याखालचे स्टेन्सिलचे आकडे जातात.

१७ मे

बेडची (लेथच्या लांब पायाची) झीज मोजली. दुपारी सरळपट्टी आणि फीलर गेजने घेतलेली मापं आणि पहाटेची मापं जुळेनात. फरक तीन-चार शतांश मिमीचा. कारण वर पत्र्याचं छप्पर. दुपारी बेडचा वरचा भाग खालच्यापेक्षा गरम होतो आणि बेड वर फुगतो. सोलापूरच्या मे महिन्यात सरळपट्टीचं काम सकाळी साडेसहाच्या आत.

मग पद्धतच बदलली. सॅडल (टूल वाहणारा सरकता भाग) बाहेरच्या मार्गांवर चालतं, टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा) आतल्या मार्गांवर. हेडस्टॉकजवळ, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या टोकाशी, टेलस्टॉक सहसा जात नाही, त्यामुळे आतला मार्ग तिथे जवळजवळ कोरा असतो. टेलस्टॉकच्या बुडावर मॅग्नेटिक बेस बसवून डायलचं टोक सॅडलच्या मार्गावर टेकवलं आणि दर ५० मिमीवर आकडा घेतला. बेड फुगला तरी दोन्ही मार्ग बरोबरच फुगतात, मापात ते येत नाही. सगळ्यात खोल झीज चकपासून (जॉब पकडणाऱ्या जबड्यापासून) पाव मीटरच्या आसपास, मीटरभरावर जवळजवळ शून्य. म्हणजे इथे आयुष्यभर आखूड जॉब झाले. २५ मिमीचा रॉड, लांबी १२० : स्टेप, टेपर, नर्लिंग, आटे. जर्नलमधलं ड्रॉइंग हेच सांगतं. इथवर कागद आणि लोखंड एका सुरात.

२१ मे

हाफनटची (सॅडलला लीडस्क्रूशी जोडणारा, उघडमीट होणारा नट) मूठ आणि कॅम काढून पाहिला. कॅमच्या कडा धारदार, झीज नाही, म्हणजे मूठ फारशी हललेली नाही. बदली गिअरच्या पेटीत २० ते १२० पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने गिअर आहेत, १२७ दात्यांचं नाही. इंचाच्या लीडस्क्रूवर मेट्रिक आटे काढायचे तर १२७ लागतंच, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी आणि २५.४ ची पाचपट १२७.

तात्पुरता निष्कर्ष : आटे काढणं जर्नलात होतं, लेथवर फारसं झालं नाही. (हा निष्कर्ष चुकीचा निघाला. १२ जूनची नोंद पाहा. खोडलेला नाही.)

२७ मे

फिटिंगचा पहिला जॉब असा का, याचा माग. ५० × ५० × ६ मिमीचे दोन तुकडे, एकाला नर ‘व्ही’ (बाहेर आलेलं टोक), दुसऱ्याला मादी (ते बसेल अशी खाच). बसवला की काम संपलं. कशाचाही भाग नाही, कशातही लागत नाही.

मूळ रशियात सापडतं. मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला व्होस यांनी १८६८ च्या सुमारास कारागिरीचे तुकडे पाडले : एक हत्यार, एक क्रिया, एक सराव-जॉब, सोप्याकडून अवघडाकडे. शिकण्याचं वर्कशॉप वेगळं, उत्पादनाचं वेगळं. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे जॉब मांडले गेले, आणि एमआयटीचे (पुण्याची नव्हे, अमेरिकेतली) अध्यक्ष रंकल यांनी तीच पद्धत उचलली. त्याच अमेरिकेत वूस्टर पॉलिटेक्निकच्या वॉशबर्न शॉपमध्ये उलटी रीत होती. तिथे विद्यार्थी विकाऊ माल बनवत.

आपल्याकडे पहिली रीत रुजली. तिचा फायदा उघड आहे : साठ मुलांना एकच जॉब देता येतो आणि एकाच गेजने तपासता येतो. तोटाही तिथेच आहे. जॉब कशातच लागणार नसेल तर तो बसला काय, न बसला काय, मार्कांपलीकडे फरक पडत नाही. गिरणीतल्या जोडाऱ्याचं तसं नव्हतं, बुश बसला नाही तर लूम बंद पडायचा. किर्लोस्करांचं उदाहरण या दोन्हींच्या मधलं. लक्ष्मणराव व्हीजेटीआयत यांत्रिक ड्रॉइंग शिकवत, पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना उभा राहिला.

३० मे

अमेरिकेतल्या ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ या वेगळ्या शाखेची नोंद, कारण आपल्याकडच्या ‘बी.ई. की बी.टेक.’ वादाशी तिची सरमिसळ होते.

तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर अभ्यासक्रमात गणित आणि विज्ञान वाढवा, असा सूर आला. अभियांत्रिकी शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ग्रिंटर समितीच्या कच्च्या मसुद्यात दोन वाटा सुचवल्या होत्या, एक विज्ञानाकडे झुकलेली, एक प्रत्यक्ष व्यवसायाकडे. कॉलेजांना ती फाळणी रुचली नाही आणि १९५५ च्या अंतिम अहवालातून ती वगळली गेली. कागदावरून गेली तरी प्रत्यक्षात झालीच. वर्कशॉपचे तास अभियांत्रिकीतून गळत गेले आणि ती रिकामी जागा चार वर्षांच्या ‘टेक्नॉलॉजी’ पदव्यांनी भरली. १९६७ पासून अशा पदव्यांना मान्यता मिळू लागली. आंतरराष्ट्रीय करारही वेगळे : अभियांत्रिकीसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार, टेक्नॉलॉजीसाठी २००१ चा सिडनी करार. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला.

आपल्याकडे ‘टेक्नॉलॉजी’ हा शब्द संस्थेच्या आणि पदवीच्या नावात आला, वेगळा अभ्यासक्रम म्हणून नाही. तिकडे जे काम चार वर्षांची टेक्नॉलॉजी पदवी करते ते इथे पदविका आणि आयटीआयमधले जोडारी, कातारी, यंत्र कारागीर हे व्यवसाय वाटून घेतात. तक्ता करताना बी.टेक. समोर ‘टेक्नॉलॉजी’ लिहायचं नाही.

३ जून

‘व्ही’ जॉब जुन्या जर्नलबरहुकूम पुन्हा केला. ज्याला प्रदर्शनाशेजारी प्रात्यक्षिक द्यायचं आहे त्याच्यासाठी क्रम :

५० × ६ च्या माइल्ड स्टील पट्टीतून दोन तुकडे, मापापेक्षा २ मिमी जास्त. हॅकसॉला इंचाला २४ दात्यांचं पान, कारण ६ मिमी जाडीत कायम तीनपेक्षा जास्त दाते टेकलेले हवेत. बास्टर्ड कानशीने एक कड सरळ, ती संदर्भाची. तिला गुण्या लावून लगतची कड काटकोनात. मग मोरचुदाचं पाणी फासायचं, त्यात दोन थेंब ॲसिड. तांब्याचा थर बसतो आणि स्क्रायबरची रेघ चकाकते. ‘व्ही’च्या तळाला ३ मिमीचं भोक आधी पाडायचं. ते नसलं तर कानशीची कड कोपऱ्यात पोचत नाही, नराचं टोक तिथे टेकतं आणि दोन्ही बाजूंनी फट दिसते. विद्यार्थी मग बाजू घासत बसतो, दोष कोपऱ्यात असतो.

नर आधी पुरा करायचा. बाहेरचं माप व्हर्नियरने घेता येतं, आतल्या ‘व्ही’चं नाही, म्हणून मादी नराला निळा रंग लावून जुळवायची. उलट क्रमाने केलेले दोन जॉब जुन्या ट्रेमध्ये सापडले. दोन्हींत नर लहान झालाय.

कड मध्ये फुगणं हा नेहमीचा दोष. कानस पुढे जाताना डुलते. वाइसचा जबडा कोपराइतका उंच नसला की डुलणारच. इथली टेबलं एकाच उंचीची आहेत, आणि बुटक्या मुलांसाठी केलेले लाकडी पाट अजून भिंतीशी उभे आहेत. रजिस्टरात त्यांची नोंद ‘फळ्या’ अशी आहे.

८ जून

पट्टा आणि वेग. शेडच्या कैच्यांना दोन्ही बाजूंना बोल्टांची भोकं दिसतात, लाइनशाफ्टच्या हँगरची असावीत. मोटर नंतरची. १४४० आरपीएमची मोटर, ३ इंची पुली, मधल्या काउंटरशाफ्टवर १५ इंची : २८८ आरपीएम. पायऱ्यांची कोन पुली १०-८-६ विरुद्ध ६-८-१०, म्हणून स्पिंडलला ४८०, २८८, १७३. बॅकगिअर (वेग कमी करणारे गिअर) ९ ला १, त्यातून ५३, ३२, १९. पट्टा थोडा घसरतो, टॅकोमीटरवर सगळे आकडे दोन-तीन टक्के कमी आले.

२५ मिमीचा माइल्ड स्टील रॉड, हायस्पीड स्टीलचं टूल, २५ मीटर प्रति मिनिट धरलं तर ३१८ आरपीएम निघतात. मधली पायरी, २८८, पुरते. मधल्या पायरीची कडच सगळ्यात गुळगुळीत झालीय.

पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणाचं सूत्र पुस्तिकांमध्ये लाइनशाफ्ट गेल्यावरही कायम आहे. त्यात वावगं नाही, व्ही-बेल्टलाही ते लागतं. पण गणितात अजून चामड्याचा सपाट पट्टा आणि घर्षणांक ०.३ च येतो. चिंचोळी एमआयडीसीत असा पट्टा शोधावा लागेल.

१२ जून

लीडस्क्रूवरचं वाळलेलं ग्रीस आणि चुरा आज निघाला. हाफनट जोडून कॅरेज (सॅडलसकट सरकणारा भाग) हाताने मागेपुढे ढकलली, डायलवर ढिलाई पाहिली. टेलस्टॉककडे ०.१२ मिमी, हेडस्टॉककडे ०.५. म्हणजे लीडस्क्रू भरपूर वापरला गेलाय, आणि फीडरॉड वेगळा असल्याने तो फक्त आटे काढण्यातच झिजू शकतो.

मग कॅम कोरा का? निवृत्त निदेशकांच्या मुलाखतींतून उलगडा झाला. इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे काढताना चेसिंग डायल (हाफनट कधी जोडायचा ते दाखवणारी तबकडी) चालत नाही. हाफनट एकदा उघडला की पुन्हा त्याच आट्यात पडेल याचा भरवसा नाही. म्हणून हाफनट बंदच ठेवतात, टूल मागे घेतात, मोटर उलटी फिरवून कॅरेज परत आणतात. दहा-बारा पासमध्ये मूठ एकदाच हलते. कॅमची झीज नसणं हा आटे न काढल्याचा पुरावा नव्हता. उलट मेट्रिक आटे काढल्याची खूण होती.

२१ मेचा निष्कर्ष रद्द. पण १२७ शिवाय मेट्रिक कसे, हे तसंच राहिलं.

१५ जून

एम १६ (१६ मिमी व्यास), पिच (दोन आट्यांतलं अंतर) २ मिमी, असा जॉब काढून पाहिला. १२७ चं गिअर बाहेरून आणलं. गणित : ५ गुणिले पिच २ गुणिले लीडस्क्रूचे ४, म्हणजे ४०. स्टडवर (स्पिंडलकडून फिरणारा खुंट) ४०, लीडस्क्रूवर १२७, मध्ये आयडलर (नुसतं जोडणारं गिअर). बॅकगिअरमध्ये ३२ आरपीएम. आट्याची खोली १.२२७ मिमी, इंची डायलवर ४८ थाऊ.

खोली पुरी, पिच गेज बरोबर, तरी नट दीड आट्यावर अडकला. दोष टूलमध्ये. ड्रॉवरमधल्या सेंटर गेजवर टूल घासलं होतं आणि तो गेज ५५ अंशांचा, व्हिटवर्थचा. मेट्रिकला ६० हवेत. टूलच्या टोकाची गोलाई सोडली तर त्याच खोलीला ६० अंशांच्या चरीचं तोंड १.४२ मिमी, ५५ चं १.२८. चर वर ०.१४ ने अरुंद, नटाच्या बाजू तिथेच घासतात. ६० वर पुन्हा घासलेल्या टूलने नट शेवटपर्यंत गेला.

वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, म्हणजे तंत्रनिकेतनाच्या वयाचा. तरी ड्रॉवरात ५५ चाच गेज. जुन्या गेजवर घासलेलं टूल आणि नवीन ड्रॉइंग, या जोडीने किती जॉब नापास झाले असतील ते जर्नलात सापडणार नाही. नापास जॉब जर्नलात लावत नाहीत.

१९ जून

१२७ चं गिअर सापडलं, स्टोअरच्या दाराला अडण म्हणून लावलेलं. रजिस्टरात आहे : ‘बदली गिअर, मोठे, नग १’. दात्यांवर कारखान्याचं ग्रीस वाळून मेण झालंय, एकाही दात्याला घासल्याची चकाकी नाही. घेतलं आणि वापरलं नाही.

कारण मोजल्यावर कळलं. गिअर १६ डीपीचे, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला १६ दाते. १२७ दात्यांचा बाहेरचा व्यास १२९ भागिले १६, म्हणजे ८.०६ इंच, २०५ मिमी. बदली गिअरवरचं पत्र्याचं कव्हर नंतर बसवलेलं, आतली जागा १९० मिमी. १२७ लावलं तर कव्हर मिटत नाही. सुरक्षेचं कव्हर उघडं ठेवून मुलांना उभं करायचं नाही, हे बरोबरच होतं. १५ जूनला आपण कव्हर काढूनच काम केलं होतं, म्हणून तेव्हा लक्षात आलं नाही.

२२ जून

पेटीतले सगळे गिअर पुन्हा मोजले. पाच-पाचच्या टप्प्यात न बसणारं एक निघालं. मागच्या खेपेला ते ६५ म्हणून लिहिलं होतं, दाते ६३ आहेत. दाते दोन्ही बाजूंनी झिजलेले.

६३ म्हणजे १२७ ची पळवाट. स्टडवर ६३, ते ८० ला फिरवतं, ८० च्या शाफ्टवर ४०, ते लीडस्क्रूवरच्या १०० ला. गुणोत्तर ०.३१५, हवं होतं ०.३१४९६. पिच २ ऐवजी २.०००२५ मिमी. पन्नास मिमी आट्यांत चूक सहा-सात मायक्रॉन, नटाला पत्ताही लागत नाही. १०० चं गिअर १६२ मिमीचं, कव्हरात आरामात बसतं.

हे गिअर संचात येत नाही. बाहेर शिक्का नाही, आत पंचाने ठोकलेला रोल नंबर. म्हणजे मिलिंगवर इथेच केलं. ६३ दाते साध्या इंडेक्सिंगने (भोकांच्या प्लेटवर क्रँक मोजून फिरवून सारखे भाग पाडण्याने) पडत नाहीत. क्रँकच्या ४० फेऱ्यांत गिअर एकदा फिरतं, आणि ४० भागिले ६३ साठी नेहमीच्या प्लेटांवर वर्तुळच नाही. डिफरन्शियल इंडेक्सिंग करावं लागतं : ६० धरून १८ च्या वर्तुळात १२ भोकं, आणि प्लेट फिरवायला २ ला १ गिअर, प्लेट क्रँकच्या उलट. आयडलर एक कमी-जास्त झाला की प्लेट उलटण्याऐवजी सुलटी फिरते आणि ६३ ऐवजी ५७ पडू लागतात. म्हणून पहिल्या फेरीत ब्लँकवर (दाते पाडायच्या आधीची चकती) नुसते ओरखडे काढून मोजायचे, मगच पूर्ण खोली, ०.१३५ इंच. कटर नंबर २, ब्लँक ४.०६ इंच. या गिअरच्या एका बाजूला जुन्या, फसलेल्या ओरखड्यांची रांग अजून दिसते. अंतर ५७ चं आहे.

डिफरन्शियल इंडेक्सिंग परीक्षेतलं हमखास गणित, मोजक्या मार्कांचं. ते इथे एकदा खरोखर झालं, आणि त्यातून निघालेल्या गिअरवर पुढच्या तुकड्यांनी आटे काढले. डेला व्होसच्या सराव-जॉबांच्या वर्कशॉपात वूस्टरचा माल.

५ जुलै

निर्लेखनाच्या यादीतून लेथ, गिअरची पेटी, ५५ अंशांचा गेज, लाकडी पाट आणि ‘व्ही’ जॉबचे दोन ट्रे वगळण्याचं पत्र दिलं. १२७ रजिस्टरात असल्याने त्याचा अनुक्रमांक मिळाला. ६३ ची नोंद कोणत्याच वर्षात नाही, म्हणून नवीन ओळ घातली : ‘गिअर, ६३ दाते, १६ डीपी, विद्यार्थी जॉब, नग १’. किमतीच्या रकान्यात काय लिहायचं ते स्टोअरने विचारलंय. ब्लँकच्या कास्ट आयर्नचं वजन करून ठेवलं आहे.

राहिलेलं काम : लीडस्क्रूला तेल, १२७ च्या दात्यांवरचं ग्रीस तसंच ठेवायचं, पुसायचं नाही.